गवा बघायला जाताना

९ डिसेंबर २०२० ला सकाळी पुण्यात कोथरूडच्या महात्मा सोसायटीत गवा शिरला होता, आठवत असेल. सगळे घरून काम करत होतो तेव्हा. आमच्या टीमच्या ग्रुपवर सकाळीच पहिला व्हिडिओ आला आणि पाठोपाठ प्रश्न, "हा बायसन आहे का रेडा?" मी कोल्हापूरचा, त्यामुळे गव्याच्या बाबतीत टीमने मला परस्पर तज्ज्ञ नेमून टाकलं. मीही ऐटीत लिहिलं, "गवा आहे. काही करत नाही. वाट मोकळी ठेवा, आपोआप जाईल."

वाट कुणीच मोकळी ठेवली नाही. माणसांचा हा लोंढा, प्रत्येकाचा मोबाइल वर धरलेला, आणि त्यांच्या पुढे ते बिचारं जनावर गल्लीबोळातून सैरावैरा पळतंय. तोंडाला जखम झालेली. शेवटी भुलीचं औषध, दोर, जाळी, गाडी. आणि मग बातमी आली की गवा मेला. मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. काय लिहिणार?

माझ्या "काही करत नाही"चं उत्तर वर्षभराने मिळालं, तेही माझ्याच गावाकडून. डिसेंबर २०२१ मध्ये कोल्हापूर शहराच्या दाराशी, पंचगंगेकाठच्या उसात गवे आले. पुन्हा तीच गर्दी. या वेळी शेजारच्या गावातल्या एका तरुण मुलाचा जीव गेला. म्हणजे एकदा गवा मेला, एकदा माणूस. दोन्ही वेळेला लोक आले होते ते फक्त 'बघायला'.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे 'बघणं' बसलं होतं. आपल्या कोल्हापूरकडे गवा बघायची रीत तशी जुनी आहे, शंभर-सव्वाशे वर्षांची तरी. कुणी बघायचं, कुठून बघायचं, आणि त्याची किंमत कुणी मोजायची, हे दर पिढीला बदलत गेलं. गेले तीन-चार वीकेंड त्यातच घातले, त्यातला एक प्रत्यक्ष दाजीपूरला. त्याचीच ही गोष्ट.

आधी नावाचा घोळ मिटवू. गवा म्हणजे बायसन नव्हे. खरा बायसन अमेरिकेत आणि युरोपात, दाढी नि खांद्यावर लोकरीचा ढीग असलेला. साहेब लोकांनी इथलं वशिंडाचं, धिप्पाड, काळंभोर जनावर बघितलं आणि ओळखीचं नाव चिकटवून दिलं. ते इतकं चिकटलं, की पुढे सरकारने अभयारण्य केलं तेही 'बायसन'च्या नावाने. गवा आपल्या गाई-बैलांच्या कुळातला. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या आसपास जातो, खांद्याशी सहा फुटांपर्यंत भरतो, आणि पायात पांढरे मोजे घातल्यासारखा दिसतो. नजरेपेक्षा त्याची भिस्त नाकावर. त्यामुळे तुम्ही झाडाआड दडलात तरी तुमचा डिओ त्याला कधीच पोचलेला असतो!

लहानपणी गवा मी पहिल्यांदा बघितला तो मेलेला. कोल्हापुरात शाळेची सहल म्हणजे न्यू पॅलेस ठरलेला. चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदाचा हा वाडा, १८८४ साली बांधून झाला. त्याच्या खालच्या मजल्यावर संग्रहालय आहे. तलवारी, हौदे, फोटो, आणि मग ते दालन, जिथे पेंढा भरलेली जनावरं काचेच्या डोळ्यांनी तुमच्याकडे बघतात. आम्ही पोरं वाघापाशीच चिकटायचो. भिंतीवरच्या शिंगांच्या मुंडक्यांकडे कोण बघतो? आता मोठेपणी पुन्हा गेलो तेव्हा लक्षात आलं की ही सगळी भिंत म्हणजे एक प्रकारची नोंदवही आहे. कुठल्या रानात काय होतं, याची.

शाहू महाराजांना शिकारीचा मोठा शौक होता, हे कोल्हापुरात कुणीही सांगेल. १८९४ साली गादीवर आले, १९२२ साली गेले, आणि या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी केलेल्या कामांची यादी इतकी लांब आहे की शिकार हा विषय तळटीपेत जातो. पण संस्थानात शिकार ही तळटीप नव्हती, ते एक खातं होतं. घोडे, हत्ती, कुत्री, आणि चित्ते! कोल्हापुरात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळायचे, त्यांना शिकवणाऱ्यांची घराणी होती. भारतातले चित्ते संपत आले तेव्हा कोल्हापूरने ते आफ्रिकेतून आणवले. शिकार करायला जनावर उरलं नाही, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. शिकारीला मदत करणारं जनावरच उरलं नाही म्हणून ते आयात करायचं, हे मात्र मला वाचताना दोनदा वाचावं लागलं. (१९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं आणि १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला सोडले. आफ्रिकेतून चित्ते आणण्याची आयडिया नवी नव्हती, एवढंच.)

काळवीट माळावरचं. गवा, सांबर, वाघ, अस्वल यांच्यासाठी पश्चिमेला जावं लागायचं, जिथे कोल्हापूरचं पठार संपतं आणि कोकणात उतरायच्या आधी सह्याद्रीची शेवटची दाट पट्टी लागते. कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर राधानगरी, तिथून पुढे फोंडा घाटाच्या तोंडाशी दाजीपूर. हे रान छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान होतं. राखीव म्हणजे काय, तर बाकीच्यांनी कुऱ्हाड न्यायची नाही, बंदूक तर नाहीच. आज आपण "राजांनी जंगल राखलं" असं कौतुकाने म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण ज्याची चूल त्या रानावर पेटत होती त्याला ही राखण कशी वाटली असेल, ते कुठल्या बखरीत लिहिलेलं नसतं.

मला ते थोडं ऐकायला मिळालं, दाजीपुरात. आमच्याबरोबर आलेला वाटाड्या पन्नाशीचा असेल. मी त्यांना मामा म्हणत होतो, ते मला सायब म्हणत होते, हे काही मला सुधारता आलं नाही. शिकारीचा विषय काढल्यावर म्हणाले, "आमचा आजा हाक्याला जायचा, सायब. ढोल, पत्र्याचं डबं, काय गावंल ते घिऊन. रानाला तीन बाजूनं येढा घालायचा आन जनावर माचाणाकडं हाकलायचं."

"म्हणजे त्यांनी गवे पुष्कळ बघितले असतील?"

"पाठ बगितली!" मामा हसले. "म्होरनं बगायचं ते महाराज लोकांनी. म्होरं गेला त्यो हाकारा परत येत नव्हता."

गवा बघायची ही पहिली रीत. पुढून बघणारा एक, मागून बघणारे शंभर, आणि मागच्यांना घरी जायचं असतं ते भाकरीच्या वेळेला. शाहूंनी पुढे संस्थानात वेठबिगारी बंद केली हे इथे सांगायला हवं, नाहीतर चित्र एकांगी होईल. शिकार आवडणारा आणि वेठ मोडणारा राजा एकच होता. फासेपारध्यांना चोर म्हणून हाकलायच्या काळात त्यांना पहाऱ्यावर नेमणाराही हाच. माणसं अशीच असतात, फोल्डरमध्ये नीट बसत नाहीत.

आता धरणाकडे येतो. त्याच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

१८९६-९७ चा दुष्काळ शाहूंनी गादीवर आल्या आल्या बघितला, त्यात प्लेगची भर. १९०२ साली ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला इंग्लंडला जाऊन आले आणि त्याच वर्षी संस्थानाचं पाटबंधाऱ्याचं धोरण ठरलं. भोगावती नदीवर, फेजिवडे गावापाशी मोठं धरण बांधायचं. गावाला नाव दिलं मुलीचं, राधाबाईंचं, म्हणून राधानगरी. तलावाला राणीसाहेबांचं, म्हणून लक्ष्मी तलाव. (या राधाबाई म्हणजे आक्कासाहेब, पुढे देवासच्या थोरल्या पातीच्या महाराणी झाल्या. त्यांच्या यजमानांकडे १९२१ साली खाजगी चिटणीस म्हणून काम करायला जो इंग्रज लेखक आला त्याचं नाव ई. एम. फॉर्स्टर. जग लहान आहे हे काही ऑर्कुटमुळे कळलं नाही आपल्याला.)

शाहूंच्या हयातीत धरण पुरं झालं नाही. पैशापायी काम रखडलं, मग राजे गेले, मग संस्थानच गेलं. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं. धरण पुरं झालं ते १९५० च्या दशकात. आज त्यात ८.३६ टीएमसी पाणी मावतं. आणि त्याचे ते सात स्वयंचलित दरवाजे! दर पावसाळ्यात कोल्हापूरच्या पेपरात बातमी असते, "राधानगरीचे अमुक दरवाजे उघडले", आणि सगळं शहर पंचगंगेच्या पातळीकडे डोळे लावून बसतं. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी पडतं हा आकडा आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ. पाणी ठरलेल्या पातळीला चढलं की पाण्याच्याच दाबाने आणि वजनाच्या तोलावर दरवाजा उघडतो, उतरलं की मिटतो. वीज नाही, सेन्सर नाही, रात्री तीनला फोन करून कुणाला उठवायला नको. आम्ही लिहिलेल्या कोडला तीन वर्षं झाली की लोक त्याला लेगसी म्हणून नाकं मुरडतात. असो.

तर या धरणाने दोन गोष्टी एकदम केल्या. वरच्या अंगाला दरीतला नदीकाठ, म्हणजे शेतं आणि गुरांची-गव्यांची चराई, पाण्याखाली घातली. खालच्या अंगाला भोगावती-पंचगंगेच्या काठाने उसाचं हिरवं समुद्र केलं. कोल्हापूरचा गूळ, साखर कारखाने, आखाड्यातल्या पैलवानाचा खुराक, सगळ्याच्या मुळाशी हे पाणी. आणि ऊस म्हणजे गव्याच्या दृष्टीने काय? गवतच. उंच, गोड, रसाळ, बारमाही आणि लपायला सोयीचं गवत. रानाची कड जिथे संपते तिथे ते उभं. "गवे हल्ली शहरात कसे काय यायला लागले हो?" असं लोक विचारतात. आपणच जेवणाचं ताट त्यांच्या दारापासून आपल्या दारापर्यंत मांडत आणलंय, दुसरं काय.

संस्थान गेल्यावर रानाचं काय झालं? १९५८ साली दाजीपूर हे गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. आजच्या महाराष्ट्रातलं हे सगळ्यात जुनं अभयारण्य, राज्य स्थापन व्हायच्याही दोन वर्षं आधीचं. देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा आला तो १९७२ साली, म्हणजे त्याच्याही चौदा वर्षं आधी. १९८५ साली त्याची हद्द वाढवून ३५१.१६ चौरस किलोमीटरचं राधानगरी वन्यजीव अभयारण्य झालं. मग जुलै २०१२ मध्ये रशियात सेंट पीटर्सबर्गला युनेस्कोची बैठक झाली आणि पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा ठरल्या. त्यातल्या महाराष्ट्रातल्या चार, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

म्हणजे बघा, राजाचं राखीव रान, मग सरकारचं राखीव रान, मग जगाचं. प्रत्येक वेळी मालक आणखी लांब राहायला गेला. पण ओलवण, दाजीपूर आणि आसपासच्या वाड्यांमधली माणसं तिथंच. त्यांच्यातल्या काहींना पुनर्वसन हवंय, काहींना नकोय, आणि ही चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. मला त्यात शहाणपण शिकवायचा अधिकार नाही. एवढंच दिसतं, की आपण प्रवेशद्वारावर पावती फाडून 'निर्मनुष्य जंगल' बघायला आत जातो आणि त्या पावतीवर शिक्का मारणारा मनुष्य त्याच जंगलातला असतो.

निर्मनुष्य तर ते कधीच नव्हतं. राजाच्याही आधी तिथे एक कायदा होता, देवाचा. दाजीपूरच्या रानात उगवाई देवीचं ठाणं आहे. आमच्या मामांनी त्या बाजूला वळल्यावर बोलणं आपोआप कमी केलं, चपला काढल्या, आणि आम्हीही काढल्या. देवराई ही गोष्ट आपण सगळ्यांनी पर्यावरणाच्या पुस्तकात वाचलेली असते. ती तशी पुस्तकात आली ती १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी गावोगाव हिंडून पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला त्यानंतर. त्यांनी दाखवून दिलं, की आजूबाजूचं सगळं तुटलं तरी देवाच्या नावाने राखलेल्या त्या तुकड्यांत मूळ रानाची झाडं, वेली शिल्लक राहिल्या आहेत. आणि गंमत म्हणजे त्यामागचे नियम आपल्या वनखात्याच्या नियमांपेक्षा कडक होते. जिवंत फांदी तर सोडाच, पडलेलं लाकूडसुद्धा बाहेर न्यायचं नाही, अशा राया आहेत. काही हवंच असेल तर देवाला कौल लावायचा. देवीने उजवा दिला तर आणि तेवढंच.

मला यात धार्मिक भाबडेपणा दिसत नाही. परवानगी मागायची एक पद्धत आहे, आणि मुख्य म्हणजे नकार मिळू शकतो हे मागणाऱ्याने आधीच मान्य केलेलं आहे. आपण पर्यटक म्हणून कुठेही जातो तेव्हा नकाराची तयारी असते का? "एवढ्या लांबून आलोय", "पैसे भरलेत", "दोन मिनिटं फक्त". ही आपली वाक्यं.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो, दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी. नोकरी लागल्यावरच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी आम्ही चार मित्र नवा डिजिटल कॅमेरा घेऊन भाड्याच्या गाडीने दाजीपूरला गेलो होतो. संध्याकाळी फोंड्याच्या रस्त्याला वळणावर कळप दिसला, सात-आठ जनावरं, एक पिल्लू. ड्रायव्हर नको नको म्हणत होता. मी उतरलो. झूम कमी पडतोय म्हणून दहा पावलं पुढे, मग आणखी दहा. फ्लॅश बंद करायचा राहिलेला. तो उडाल्याबरोबर एका गवीने मान खाली घालून जोरात फुत्कार टाकला, तो आवाज अजून कानात आहे. मी उलटा पळालो, चप्पल तिथेच. कळप फुटला, निम्मा रस्त्याच्या अलीकडे, निम्मा पलीकडे, पिल्लू चुकीच्या बाजूला. आम्ही गाडीत बसून खो खो हसत निघून गेलो. त्या पिल्लाचं पुढे काय झालं हे बघायला आम्ही थांबलो नाही. फोटोही हललेला आला.

कोथरूडचे व्हिडिओ बघताना मला त्या गर्दीत मीच दिसत होतो, म्हणून हे लिहितोय.

'जबाबदार पर्यटन' हा शब्द मला हॉटेलच्या बाथरूममधल्या 'टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा' या पाटीसारखा वाटतो. हॉटेलचा धुलाईखर्च वाचतो, पृथ्वीचं माहीत नाही. पण शब्द बाजूला ठेवला तर या रानात करण्यासारख्या गोष्टी अगदी साध्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा मामांनी आम्हाला गाडी सुरू व्हायच्या आधी दोन वाक्यांत सांगितल्या. "गप बसायचं. उतरायचं न्हाई." दुसऱ्या एका गाडीत पुण्याचेच लोक होते (गाडीच्या नंबरवरून कळलं, आवाजावरून आधीच कळलं होतं), त्यांनी ब्लूटूथ स्पीकर आणला होता. त्यांना काहीच दिसलं नाही. आम्हालाही सावराईच्या सड्यापर्यंत काही दिसलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. गप्प बसणं ही गवा दिसायची हमी नाही.

त्या सड्याबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात गेलात तर म्हणाल, इथे काय आहे? काळपट दगड, वाळकं गवत. पावसाळा सरता सरता त्याच दगडाच्या बोटभर मातीत फुलांचे गालिचे येतात, सीतेची आसवं, तेरडे, आणि दवबिंदूसारखी किडे खाणारी झाडं. मातीत नायट्रोजन नाही, म्हणून किड्यांतून घ्यायचा! एक बूट पडला की त्या वर्षाचा तेवढा तुकडा संपला. आणि बुटाचं काय घेऊन बसलात, याच तालुक्यात दुर्गमानवाडच्या सड्यावर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. जांभ्याच्या खाली ॲल्युमिनियमचं खनिज. म्हणजे ज्या दगडामुळे ती फुलं, त्याच दगडामुळे खाण. पर्यटक प्लास्टिक टाकतो म्हणून आपण हळहळतो, ते बरोबरच आहे, पण ज्या लॅपटॉपवर मी हे लिहितोय त्याचं झाकण ॲल्युमिनियमचं आहे. तिथे मी कधी हळहळलो नाही.

पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असतं. त्यावर कुरकुर ऐकू येते, "खरी मजा तर पावसातच आहे". मलाही पूर्वी तसं वाटायचं. पण चार महिने कुणीच बघत नाही, ही सोय गव्यांना निदान असू दे की. राजाच्या काळी त्यांना तीही नव्हती असं म्हणवत नाही, कारण या घाटावरच्या पावसात माचाणावर कोण बसणार!

दुसरं, पैसा. वाटाड्या तिथला घ्या, जेवण तिथल्या घरात घ्या, राहा तिथे. हे मी दयाबुद्धीने म्हणत नाही. मामांच्या भावाचं दोन वर्षांमागे अर्धं भात गव्यांनी खाल्लं. नुकसानभरपाई मिळते, पंचनामा होतो, कागद फिरतात, आणि कधीतरी पैसे येतात. पण ज्या घरात त्याच गव्याच्या नावाने पर्यटकाचे चार पैसे थेट येतात, त्या घरात गव्याकडे बघायची नजर वेगळी असते. मामा म्हणाले, "भावाला ऊस-भात खाणारा गवा दिसतोय, मला गिऱ्हाईक आणणारा. जनावर एकच." त्यांच्या दोघांत त्यावरून भांडण होतं का, विचारलं. म्हणाले, "रोज."

आणि कोल्हापूर शहरात राहणाऱ्यांनी तर दाजीपूर लांब आहे असं समजूच नये. २०२३ च्या दिवाळीत थेट पाइपलाइनने काळम्मावाडी धरणाचं पाणी शहरात आलं. ते धरण अभयारण्याला लागूनच. रंकाळ्याकाठच्या फ्लॅटमध्ये नळ सोडला की जे येतं ते गव्यांच्या डोंगरावर पडलेलं पाऊसपाणी आहे. बघायला न जातादेखील आपण त्या रानात रोज हात घालतोच.

कोथरूडच्या गोष्टीला एक शेपूट आहे, ते फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्याच डिसेंबरात, दोन आठवड्यांच्या आत, पुण्यात बावधन-पाषाणच्या बाजूला दुसरा गवा आला. या वेळी पोलिसांनी आणि वनखात्याने लोकांना लांब ठेवलं. गवा थोडा वेळ उभा राहिला आणि परत डोंगराकडे निघून गेला. व्हिडिओ फारसा फिरला नाही, कारण त्यात काही घडतच नाही.

दाजीपूरहून आम्ही निघालो तेव्हा अंधार पडत होता. ओलवणच्या अलीकडे पुढे कोकणातून आलेली एसटी थांबलेली. मला वाटलं बंद पडली. आमच्या ड्रायव्हरने मागे गाडी लावली, हॉर्नवर हात नेला, आणि एसटीच्या कंडक्टरने मागच्या खिडकीतून हात बाहेर काढून नुसता पंजा दाखवला. थांबा. एसटीचे पुढचे दिवे बारीक केलेले. त्या पिवळ्या उजेडात पायातले पांढरे मोजे तेवढे चालताना दिसत होते. एक, दोन, मग थोड्या वेळाने पाच, मग एक लहान. बसमधून कुणाचा आवाज नाही. पाचेक मिनिटं गेली असतील. मग एसटीने गिअर टाकला.

राधानगरीत पोचायला साडेनऊ झाले. एकच खानावळ उघडी होती, आणि तिच्यातला पांढरा रस्सा संपला होता.